पिंपळखुटे साहेबांचं पहिलं वाक्य

भिलाई आपण उभारली, असं दत्तात्रय विनायक पिंपळखुटे यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या कोणाचं असं म्हणणं असल्याचं माझ्या कानावर कधी आलं नाही, आणि मी अठरा वर्षं त्यांच्या हाताखाली टायपिस्ट होते. ते तिथल्या स्टील प्लांटच्या स्टोअर्समध्ये डेप्युटी मॅनेजर होते. कोणी लोखंड वितळवत होतं, कोणी रूळ ओढत होतं, आणि साहेब हातमोजे, नटबोल्ट, झाडू आणि फिनाइल यांच्या मागण्यांवर सह्या करत होते. भट्टीजवळ ते एकदाच गेले, कोण्या पाहुण्याला दाखवायला. चष्म्यावर वाफ धरली म्हणून अर्ध्यातून परत आले. पुढे त्या भेटीचं त्यांनी पुस्तकात एक प्रकरण केलं.

उंच, वाळका माणूस. मान नेहमी पुढे काढलेली, जणू समोरच्याच्या कागदात चूक शोधून राहिले. मे महिन्यातही गळ्यात टाय. भिलाईच्या उन्हाळ्यात माणसं बनियनवर बसतात, आणि साहेबांच्या टायच्या गाठीखाली शर्टावर घामाचा एक ओला त्रिकोण उमटलेला असायचा. खिशात लाल पेन्सिल, दोन्ही बाजूंनी टोक काढलेली. एक टोक बोथट झालं आणि चूक निसटली, असं व्हायला नको म्हणून.

त्या पेन्सिलीचा मला चांगला अनुभव आहे. माझ्या थोरल्या मुलीला गोवर आला तेव्हा मी इंग्रजीत रजेचा अर्ज लिहिला. गोवराच्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकलं. तासाभराने अर्ज परत आला. त्या शब्दाभोवती लाल गोल, आणि खाली शेरा: दुरुस्त करून पुन्हा सादर करावा. मुलगी कशी आहे हे विचारायला मार्जिनमध्ये भरपूर जागा होती.

बोलण्याचीही तीच तऱ्हा. गाव अमरावतीकडचं, पण मराठी अशी काढायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हे पुण्याच्या बाहेर पहिल्यांदाच पडले आहेत. मी भंडाऱ्याकडची. माझ्या तोंडातून ‘मले’ निघालं की ते हात वर करायचे. “ढोमणेबाई, ‘मले’ नाही. ‘मला’.” मग मी म्हणायचे, “हो साहेब.” मात्र राग अनावर झाला की त्यांची पुण्याची मराठी टायसकट गळून पडायची आणि “मले शिकवू नको!” असा खणखणीत वऱ्हाडी आवाज केबिनबाहेर यायचा. आम्ही क्लार्क लोक त्या क्षणाची वाट पाहत असायचो. दिवस चांगला जायचा.

अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर ते निवृत्त झाले. सेक्टरातला क्वार्टर सोडून कोहक्याला बांधलेल्या घरात गेले. फाटकावर संगमरवरी पाटी: नाव, पदव्या, हुद्दा. ‘निवृत्त’ हा शब्द इतक्या बारीक अक्षरात, की तो वाचायला फाटक उघडून आत यावं लागे. सकाळी आठच्या सुमाराला ते फाटकाशी उभे राहायचे, कारण त्या वेळेला सायकलींवरून माणसं ड्यूटीवर जात. पहिल्या वर्षी काही जण हात कपाळाला लावायचे. दुसऱ्या वर्षी घंटी वाजवून पुढे जायचे. तिसऱ्या वर्षी साहेब सकाळी घरातच बसू लागले. त्याच सुमाराला त्यांची बायको गेली. ती बाई आयुष्यभर ऐकतच आली होती. ती गेल्यावर ऐकणारं कोणी उरलं नाही. एकुलता एक मुलगा पुण्याला होता आणि तो पत्राला पोस्टकार्डाने उत्तर द्यायचा.

तेव्हा साहेबांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं.

आधी त्याचं नाव ‘भिलाई आणि मी’ होतं. महिन्याभरात ते ‘मी आणि भिलाई’ झालं. हस्तलिखिताची फाइल घेऊन ते एका रविवारी आमच्या क्वार्टरवर आले. ऑफिसातून बाद झालेली एक हिंदी टाइपरायटरची मशीन आमच्या ह्यांनी माझ्यासाठी घेऊन ठेवली होती, हे त्यांना ठाऊक होतं.

“ढोमणेबाई, हे काम तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही,” ते म्हणाले.

मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून “हो साहेब” निघालं. अठरा वर्षांची सवय. ते गेल्यावर नवरा म्हणाला, “आता कावून हो म्हटलं तुनं? रिटायर झाला नं तो!” ज्या माणसाला मी एवढी हसत होते, त्याच्यापुढे माझीही मान आपोआप खाली जायची, आणि ही गोष्ट त्याच्या टायपेक्षा हास्यास्पद होती.

दर रविवारी दुपारी मशीन रिक्षात घालून मी कोहक्याला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. त्या हिंदी मशीनवर ‘ळ’ नव्हता. मराठीत ‘ळ’ किती लागतो हे त्या दिवशी कळलं. काळ, वेळ, फळ, मूळ, आणि मुख्य म्हणजे पिंपळखुटे. कागदावर उमटलं ‘पिंपलखुटे’. साहेब त्या अक्षरांकडे बराच वेळ पाहत राहिले. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांभोवती गोल काढणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव चुकीचं छापलेलं पाहावं लागत होतं.

“जागा सोडा,” ते शेवटी म्हणाले. “मी हाताने भरीन.” आणि पुढची दोन वर्षं प्रत्येक पानावरचे सगळे ‘ळ’ त्यांनी त्या लाल पेन्सिलीने भरले. साडेतीनशे पानांना गोवर आल्यासारखा दिसायचा.

पुस्तकाचं पहिलं वाक्य होतं: ‘मी आलो तेव्हा येथे काहीही नव्हते.’

हे वाक्य मी पाठ म्हणू शकत होते. आमच्या मराठी मंडळाच्या प्रत्येक गणेशोत्सवात, हळदीकुंकवात, एकदा तर एका बारशातही साहेबांनी भाषण याच वाक्याने सुरू केलं होतं. पण त्या रविवारी ते खड्या आवाजात सांगत असताना बिसाहिनबाई फरशी पुसत होती.

बिसाहिन त्यांच्याकडे झाडूपोछा आणि भांडी करायची. छत्तीसगढी बाई, साठीच्या आसपासची, साहेबांच्याच वयाची. अंगाने एवढीशी, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, हातावर कोपरापर्यंत गोंदण. ती कोणालाही ‘तैं’ म्हणजे ‘तू’च म्हणायची, साहेबांनाही. मराठी तिला येत नव्हती, पण ‘काहीही नव्हते’ कळायला मराठी कशाला यायला पाहिजे? तिने पोछा बादलीत टाकला आणि मला विचारलं, “का लिखवाथे साहेब ह?”

मी सांगितलं. साहेब आले तेव्हा इथे काहीच नव्हतं, असं लिहून राहिले.

बिसाहिन टाचांवर बसली. “कुछू नइ रिहिस? त हमन कहां रेहेन?”

काहीच नव्हतं? मग आम्ही कुठे राहत होतो?

साहेबांनी हिंदीत समजावलं, “बाई, गाँव-वाँव होगा कोई. मैं विकास की बात कर रहा हूँ.”

मग तिने सांगितलं. आज प्लांटची गोदामं जिथे आहेत, त्याच भागात कुठेतरी तिचं सासर होतं. चाळीस-पन्नास घरं, एक तळं, तळ्याच्या काठी महुआचं झाड. तिथेच तिच्या लग्नाचा मांडव पडला होता. गाव उठलं तेव्हा तिचं पहिलं मूल पोटात होतं. नंतर पायासाठी माती वाहायला बायका लागल्या, तेव्हा तीही लागली, आणि स्वतःच्याच गावाची माती तिने टोपलीने डोक्यावरून वाहिली. हे सगळं तिने पोछा पिळत पिळत, बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. शेवटी म्हणाली, “ये तो लबारी आय.” हे तर खोटं आहे.

साहेबांना खोटारडं म्हणणारं पहिलं माणूस मी त्या दिवशी पाहिलं. वाटलं, आता तिची नोकरी गेली. साहेबांचा चेहरा लाल झाला, वऱ्हाडी येणार म्हणून मी सावरून बसले. पण ते म्हणाले, “तलाव का कोई नाम था?”

“रिहिस,” ती म्हणाली आणि बादली उचलून निघून गेली. नाव सांगितलं नाही.

तिथून ते सुरू झालं. त्याला मैत्री म्हणायला मी बरीच वर्षं तयार नव्हते, कारण दोघं फक्त भांडत असत. साहेब व्हरांड्यात आरामखुर्चीवर, बिसाहिन पायरीवर. साहेब वर्षं सांगायचे, ती ऋतू सांगायची. साहेब म्हणायचे, अमुक शेड अमुक साली उभी राहिली. ती म्हणायची, छे, तेव्हा तिथे तिवरा, म्हणजे लाखोळी, कापायला आला होता, तिथे शेड कुठली? आणि चहाचं म्हणाल, तर साहेबांनी तिच्यासाठी कानतुटका कप वेगळा ठेवला होता. मोठे सुधारक म्हणवून घ्यायचे, पण कप वेगळा. बिसाहिनने त्या कपाला एकदाही हात लावला नाही. ती घरूनच ॲल्युमिनियमच्या किटलीत आलं ठेचलेला काळा चहा आणायची आणि स्वतःच्या पेल्यात ओतून प्यायची. पंधरा दिवसांत साहेबांना त्या वासाने राहवेना. आणि मग मी पाहिलं की कानतुटका कप पुढे करून साहेब स्वतः बसले आहेत आणि ती वरून धार सोडून राहिली. आपण काही बदललो आहोत, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्यांना फक्त चहा आवडला होता.

पण पहिलं वाक्य ते बदलेनात. बिसाहिन दर रविवारी विचारायची, बदललं का? साहेब म्हणायचे, पुस्तकाची सुरुवात भारदस्त पाहिजे. एका रविवारी ती पदराला हात पुसत उठली. “पहिली पन्ना ल सुधार, तब आहूं.” पहिलं पान सुधार, मग येईन. आणि ती खरंच यायची बंद झाली.

“दुसरी बाई मिळेल,” साहेब म्हणाले. मिळालीही. तिला ते तीन दिवसांत काढून बसले. ती फार गुमान काम करते, अशी तक्रार होती. पुस्तकाची लय मोडली. साहेब एक वाक्य सांगून पायरीकडे पाहत बसायचे. महिन्याभराने मला म्हणाले, “ढोमणेबाई, ती कुठे राहते हे तुम्हाला माहीत असेल.”

“कॅम्प-१ मध्ये. कावून साहेब?”

‘कावून’ त्यांनी दुरुस्त केलं नाही. तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

कॅम्प म्हणजे मजुरांची जुनी वस्ती, आणि तिथला बाजार म्हणजे खांद्याला खांदा. मच्छीवाले, भांडीवाले, सायकल दुरुस्तीवाले, मध्ये उघडी नाली, आणि त्यातून साहेब कोट-टायमध्ये पाय उचलून चालले होते, बगळ्यासारखे. बिसाहिन आपल्या खोलीसमोर सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिने वर पाहिलं नाही. साहेब तिच्यासमोर उभे राहिले. चुकलो म्हणायला आले होते. ते त्यांच्या कोणत्याही फॉर्ममध्ये बसत नव्हतं.

“बर्तन बहुत जमा हो गये हैं,” ते म्हणाले.

“त मांज ले,” ती म्हणाली. मग घास.

शेजारच्या बाया पदराआड हसल्या. साहेबांनी कॉलर सैल केली. मग एकदम म्हणाले, “वो गाँव किधर था, मेरे को दिखाओ. मैं देखे बिना नहीं लिखूँगा.” एवढं ऐकून मात्र तिने सूप खाली ठेवलं.

आम्ही तिघं एका रिक्षात बसून प्लांटच्या गेटवर गेलो. मी मध्ये, कारण साहेबांना बिसाहिनशेजारी बसणं प्रशस्त वाटलं नाही. गेटवर साहेब ऐटीत उतरले आणि तीस वर्षं गेले तसे आत जाऊ लागले. ड्यूटीवरचा पोरगेला गार्ड आडवा आला.

“पास?”

“मी डेप्युटी मॅनेजर होतो!” साहेब मराठीत ओरडले, मग हिंदीत, मग इंग्रजीत.

गार्डने शांतपणे ऐकून घेतलं. “थे न, साहब,” तो म्हणाला. “अब पास दिखाइए.”

तो उद्धट नव्हता. आपलं काम करत होता, आणि नियम बरोबर होता. तसल्या नियमांवर बोट ठेवून साहेबांनीच जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांवर लाल रेघा मारल्या होत्या. खरं सांगते, मला आधी आनंदच झाला. माझा गोवराचा अर्ज आठवला. पण साहेब गेटपासून परत फिरले ते म्हातारे होऊन. चार पावलांत त्यांचे खांदे उतरले. रस्त्याकडेच्या कट्ट्यावर ते बसले आणि कुंपणाच्या आतल्या धुराड्यांकडे पाहू लागले. बिसाहिन त्यांच्याशेजारी जाऊन बसली. मध्ये हातभराचं अंतर ठेवून. ती हसून राहिली होती, पण कॅम्पमधल्या बायांसारखं नाही.

“अब तहूं मोर कस हो गेस, साहेब,” ती म्हणाली. आता तूही माझ्यासारखाच झालास.

साहेबांनी लाल पेन्सिल काढली. खिशातल्या कागदाच्या मागच्या बाजूवर काहीतरी रेघोट्या ओढल्या. “तलाव इधर? और महुआ?” तिने त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली. आयुष्यात तिने पेन्सिल धरली नसावी. मुठीत पकडून तिने कागदाच्या मधोमध एक गोल काढला. तळ्याचा. साहेबांच्या कागदावर दुसऱ्याने काढलेला तो पहिला लाल गोल.

पुढच्या रविवारी आम्ही पुस्तक पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. बिसाहिन छत्तीसगढीत सांगायची, साहेब त्याचं मराठी करायचे, मी टाइप करायचे. ती म्हणायची बाया तळ्यावर अंग धुवायच्या, साहेब म्हणायचे, लिहा, ‘स्त्रिया जलाशयावर स्नानादी विधी उरकीत’. अकरा पानं झाली. शेवटी साहेबांनी आपल्या हाताने जोडलं, ‘ही माहिती प्रस्तुत लेखकाने अथक परिश्रमाने संकलित केली आहे.’ परिश्रम काय, चहा पिणं.

दुर्गच्या एका प्रेसमधून पुस्तक आलं. प्रकाशन आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये झालं. आलूबोंड्याचा घमघमाट सुटेपर्यंत हॉल अर्धा रिकामा होता, नंतर भरला. आमची मंडळी तशी साहित्यप्रेमी. बिसाहिन सरळ पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या पत्नीसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसली होती. तिला उठवायची हिंमत अध्यक्षांना झाली नाही, म्हणून ते माझ्यावर डोळे वटारत होते. साहेब उभे राहिले. घसा खाकरला. सगळा हॉल मनातल्या मनात ते जुनं वाक्य म्हणायला तयार होता.

“मी आलो,” साहेबांनी वाचलं, “तेव्हा येथे बिसाहिनबाईंचे गाव होते.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोकांना वाटलं, म्हातारा विसरला. बिसाहिनने मला ढोसलं, “का कहिस?” मी सांगितलं. ती खुर्चीतून अर्धी उठली. मग मोठ्याने म्हणाली, “तरिया के नांव नइ लिस!” तळ्याचं नाव घेतलं नाही!

“पान चार!” साहेब स्टेजवरून ओरडले. “पान चारवर आहे! थोडा दम धर नं, मले वाचू त दे!”

भर सभेत, माइकवर, वऱ्हाडीत. त्यांना कळलंही नाही. नंतर अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, एका कामवालीला अकरा पानं आणि मंडळाला अर्धं पान? मी म्हटलं, “अर्धं तरी कावून दिलं, मले तेच समजून नाही राहिलं.” इतक्या वर्षांत एखाद्या मोठ्या माणसाला मी पहिल्यांदा ‘हो’ म्हटलं नव्हतं.

ते पुस्तक कोणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. मुलाने पोस्टकार्ड पाठवलं की पुण्याच्या घरात जागा कमी आहे, फार प्रती पाठवू नयेत. साहेबांनी भेट दिलेल्या प्रती लोकांनी आदराने कपाटात ठेवल्या. पण रविवारची बैठक पुस्तक संपल्यावरही सुरूच राहिली. मला बोलवायचं कारण उरलं नव्हतं, तरी मी कधी कधी जायचे. व्हरांड्यात तीच भांडणं. साहेबांना ऐकू कमी येऊ लागलं होतं, आणि बिसाहिनला दिसायला. त्यामुळे भांडणं लांबत.

नव्वद सालानंतरच्या एका हिवाळ्यात साहेब बाथरूममध्ये पडले. मांडीचं हाड मोडलं. मुलगा आला, चार दिवसांत घराचं काय ते ठरवलं, आणि वडिलांना घेऊन निघाला. पुण्याला जाण्याबद्दल साहेबांना कोणी विचारलं नाही. त्यांनी जन्मभर कोणाला विचारलं नव्हतं, त्यामुळे ही पद्धत त्यांना ओळखीची वाटली असेल.

दुर्ग स्टेशनवर मी आणि बिसाहिन गेलो होतो. साहेब खिडकीजवळ बसले होते. अंगावर शाल, गळ्यात टाय. समोर नागपूरला जाणारं एक कुटुंब, आणि साहेबांनी त्यांना धरलं होतं. भिलाई आपण कशी उभारली, ते चाललं होतं. मुलगा पेपरमध्ये तोंड घालून बसला होता. बिसाहिनने किटलीतला चहा गजांमधून आत दिला. साहेबांनी तो प्यायला, पेला परत केला आणि आमच्याकडे पाठ करून पुन्हा बोलू लागले. निरोप घेणं त्यांना कधी आलं नाही.

शिट्टी झाली. गाडी हलली. आणि साहेबांचा आवाज खिडकीतून आला, त्या कुटुंबाला सांगत होते, “आणि तिथे, तिथे यांचं गाव होतं.” हात बाहेर काढून ते दाखवत होते. हात होता थेट पुढच्या स्टेशनाकडे, रसमड्याकडे, इंजिनाच्या दिशेला. भिलाई पार मागे, उलट बाजूला.

बिसाहिनला नीट दिसत नव्हतं, पण एवढं दिसलं. ती लुगडं सावरत गाडीबरोबर चालू लागली आणि अख्ख्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असं ओरडली, “ओती नइ, साहेब! एती! एती!”

तिकडे नाही, इकडे. कमी ऐकू येणाऱ्या त्या माणसाने ते ऐकलं. डबा पुढे निघून जाईपर्यंत मला दिसत होतं, खिडकीतून बाहेर आलेला तो वाळका हात आधी थांबला, मग हळूहळू मागे वळला, आणि बरोबर दिशेला झाल्यावर तसाच राहिला.